थाई बाईंची तपासणी

मराठवाड्यातून थायलंडला जायचे दोन मार्ग आहेत. एक विमानाचा आणि दुसरा फवारणीच्या औषधाचा. वर्दळ दुसऱ्यावरच जास्त. खतं, बियाणं, सिमेंट, पत्रे, पाण्याच्या टाक्या, यातलं काहीही विकणाऱ्या दुकानदारानं वर्षाचं टार्गेट गाठलं की कंपनी त्याला बँकॉक-पटाया फिरवून आणते. जालन्याच्या बियाणेवाल्यांपासून आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडीपर्यंत, ज्याच्या कपाटात हत्तींच्या नक्षीची ढगळ विजार नाही असा दुकानदार शोधावाच लागेल. परत आल्यावर ही मंडळी थायलंडबद्दल फार मोजकं बोलतात. "देश चांगलाय. स्वच्छता वाखाणण्यासारखी." बस्स. परदेश पाहून आलेल्या धडधाकट माणसाला स्वच्छतेपलीकडे काहीच आठवत नसेल, तर काय ते बायकांना कळतं.

२०२३ च्या नोव्हेंबरात थायलंडनं भारतीयांसाठी व्हिसाची अट काढली, आणि ही स्वच्छता आपणही एकदा डोळ्यांनी पाहावी असं घरोघरी ठरू लागलं. आमच्या घरात ते जाऊबाईंनी ठरवलं. कंपनीच्या टूरला यांनी आणि भाऊजींनी नकार कळवायचा, पैसे आपले घालायचे, पटाया रद्द, बँकॉक ओझरतं, आणि बाकीचा मुक्काम चियांग माईला. हे गाव बँकॉकच्या उत्तरेला सातेकशे किलोमीटरवर, डोंगरांच्या कुशीत. "तिथं काय आहे?" भाऊजींनी विचारलं. "स्वयंपाकाचा क्लास," जाऊबाई म्हणाल्या. एक अख्खा खरीप आणि एक अख्खा रब्बी टार्गेटसाठी उन्हातान्हात हिंडलेल्या त्या दोन भावांकडे मला बघवेना.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, माळकरी. पैठणच्या नाथषष्ठीखेरीज मुक्कामाचा प्रवास त्यांना ठाऊक नाही. त्यांना बँकॉकमध्ये ब्रह्मदेवाचं देऊळ आहे असं सांगून तयार केलं, आणि ते खोटंही नव्हतं. आपल्याकडे ब्रह्मदेवाच्या दर्शनाला पुष्करपर्यंत जावं लागतं. बँकॉकमध्ये तो एरावानच्या चौकात भर रहदारीत १९५६ पासून चारी तोंडांनी ट्रॅफिक बघत बसलाय. आत्याबाईंनी दर्शन घेतलं आणि विचारलं, "आता पुढचं देवस्थान कोणतं?" जाऊबाई म्हणाल्या, "आता प्रसादाचं."

मी शाळेत इतिहास शिकवते. त्यामुळे कुठल्याही गावात शिरले की आधी सन विचारायची खोड आहे. चियांग माई राजा मंगराय यानं १२९६ मध्ये वसवलं. हा सन वाचून मी रस्त्यातच थांबले. त्याच साली अल्लाउद्दीन खिलजी आमच्या देवगिरीवर चालून आला, आणि त्याच साली ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. एकाच वर्षी आपल्याकडे इतकं सगळं संपत असताना तिकडे कुणीतरी तट-खंदक आखून नवं गाव बांधायला घेत होतं! मी हे मोठ्या उत्साहानं सगळ्यांना सांगितलं. भाऊजी म्हणाले, "चहा कुठं मिळतो बघा."

चियांग माईत स्वयंपाकाचे क्लास आपल्याकडच्या एमपीएससीच्या क्लासेसइतके दाट आहेत, फरक इतकाच की तिथले सगळे विद्यार्थी पास होतात. हजारेक बाहत फी. म्हणजे अडीच-पावणेतीन हजार रुपये. हा हिशेब यांनी रस्त्यातच केला आणि म्हणाले, "म्हणजे पैसेही आपण द्यायचे, स्वयंपाकही आपण करायचा, आणि भांडी?" भांडी ते घासतात, हे कळल्यावर तिन्ही बायकांचं मत फीच्या बाजूनं पडलं.

इथं एक गोष्ट सांगून टाकते. मराठी बाई स्वयंपाकाच्या वर्गाला शिकायला जात नाही. ती शिक्षणाधिकारी जसे शाळेत येतात तशी जाते. चेहरा प्रसन्न, हात मागे बांधलेले, आणि नजर मात्र फळ्यावर न जाता थेट कोपऱ्यातल्या जळमटाकडे. आमच्या थाई बाई बिचाऱ्या हसऱ्या, ठेंगण्या, कमरेला एप्रन. आपली तपासणी सुरू झालीय याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती. वर्गात आमच्याखेरीज एक जर्मन जोडपं आणि ऑस्ट्रेलियाची एक मुलगी. ते तिघं वह्या काढून लिहून घेत होते. आम्ही पाचजण उभं राहून बघत होतो.

पहिला तास बाजारात. हातात वेताची टोपली देऊन बाई एकेक जिन्नस दाखवू लागल्या. गवती चहाची जुडी आली. जर्मन मुलीनं ती नाकाशी धरून डोळे मिटले. आत्याबाई म्हणाल्या, "आपल्या न्हाणीघराच्या मागं केवढं माजलंय!" मग आल्यासारखा दिसणारा पण आलं नसलेला एक कंद आला. ते कुलिंजन. गुलमंडीत काष्ठौषधीच्या दुकानात घसा बसलेले गवई आणि पुढारी ते विकत घेतात. मग खडबडीत सालीच्या लिंबाची पानं. पुढं तीन तऱ्हांच्या तुळशी. आत्याबाईंचा निदानाचा स्वर लागला. "सूनबाई, ही भाजी नव्हे. हा काढा आहे." तोम यम नावाचं जगप्रसिद्ध सूप त्याच दुपारी उकळलं तेव्हा त्यांचंच खरं ठरलं. गवती चहा, कुलिंजन, लिंबाची पानं. करोनात आम्ही हेच नाक दाबून पीत होतो. फरक एवढाच की आम्ही त्यात कोळंबी टाकली नाही.

जाऊबाईंचा मुक्काम मात्र कोथिंबिरीपाशी. थाई लोक कोथिंबीर मुळांसकट विकतात, आणि वाटणात खरा मान मुळांना. पानं नुसती वरून टाकायला. जाऊबाईंनी जुडी हातात घेऊन मुळं निरखली. लग्न होऊन आल्यापासून शहागंजच्या बाजारातून आणलेल्या जुड्यांची मुळं आपण कचऱ्यात टाकली, हा हिशेब त्यांच्या डोक्यात चालू असणार. मग सवयीनं त्यांनी भाजीवालीला विचारलं, "और कितने में देते?" हे आमच्या शहराचं हिंदी. ते दख्खनीत भिजलेलं असल्यामुळे दिल्लीवाल्यांना कळत नाही, पण चियांग माईच्या भाजीवालीला कळलं. तिनं पाच बाहत कमी केले. बाई थक्क झाल्या. एवढ्या वर्षांत त्यांच्या कुठल्याही विद्यार्थ्यानं त्या बाजारात घासाघीस केली नसावी.

बाजारात मी माझा तास घेऊन टाकला. मिरची, शेंगदाणा, पपई, टोमॅटो, यातलं काहीही मुळात थायलंडचं नाही आणि आपलंही नाही. हे सगळं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, १५११ मध्ये मलाक्का घेतलं आणि त्याच साली सयामच्या राजाकडे, अयुथ्थयेला, वकील पाठवला. मिरची आपल्याकडे आली ती त्यांच्या जहाजांतून, आणि सयामातही त्यांच्याच मागोमाग पोचली असणार. म्हणजे ज्या ठेच्यावरून आपण मराठवाड्याची अस्मिता सांगतो आणि ज्या कच्च्या पपईच्या 'सोम तम'वरून थाई लोक त्यांची सांगतात, त्या दोन्ही अस्मिता एकाच माणसाकडून उधारीवर आणलेल्या. ऑस्ट्रेलियाच्या मुलीनं हे लिहून घेतलं. आमच्यातलं कुणी ऐकत नव्हतं. हे आणि भाऊजी कीटकनाशकाच्या एका डब्यावरचं थाई लेबल वाचायचा प्रयत्न करत होते.

मग प्रत्यक्ष पाककृती. प्रत्येकापुढं दगडी खल आणि बत्ता. त्यात मिरची, लसूण, कोथिंबिरीची मुळं, गवती चहा आणि कुलिंजन घालून लोण्यासारखं होईपर्यंत कुटायचं. जर्मन तरुणाच्या दंडावर नांगराचं चित्र गोंदलेलं होतं. थोड्याच वेळात तो दंड बदलून कुटू लागला, मग बसून कुटू लागला, मग त्यानं विचारलं की मिक्सर चालेल का. बाई म्हणाल्या, पूर्वी आमच्याकडे मुलीकडचं कुटणं घराबाहेरूनच ऐकायचे. एका लयीत आवाज आला तर सून कामाची. हे ऐकलं मात्र, जाऊबाईंनी पदर खोचला. पुढचा काही वेळ त्या लाकडी मांडवात असा काही आवाज निघाला की शेजारच्या वर्गातली मंडळी बघायला आली. टेबलावरच्या वाट्या चालू लागल्या. बाईंनी खलात डोकावून पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. त्यांच्याकडे नमस्काराची ती रीतच आहे, पण जाऊबाईंनी तो वैयक्तिक घेतला.

मला मात्र राहून राहून अस्वस्थ करत होता तो नळ. बाई तांदूळ धुताना नळ सोडायच्या आणि बोलत राहायच्या. पाणी वाहतंय, त्या कुळकथा सांगतायत. जायकवाडी काठोकाठ भरलेलं असतानाही ज्यांच्या नळाला आठवड्यानं पाणी येतं, अशा शहरातली आम्ही माणसं. वाहत्या नळापुढं आम्हाला कुठलीही पाककृती ऐकू येत नाही. शेवटी आत्याबाई उठल्या आणि त्यांनी तो बंद केला. बाईंनी पुन्हा सोडला. आत्याबाईंनी पुन्हा बंद केला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती म्हणून बरं, नाहीतर क्लास तिथंच आटोपला असता.

मिरच्या किती, हा प्रश्न तिथं प्रत्येकाला विचारतात. एक म्हणजे लहान मूल, तीन म्हणजे पाहुणा, पाच म्हणजे थाई. भाऊजी म्हणाले, "दहा." मराठवाड्याच्या पुरुषाला परदेशात सैन्य न्यायची संधी मिळत नाही, तो मिरच्याच नेतो. बाईंनी खात्री करून घेतली. भाऊजींनी बोटांनीही दाखवलं. थाई मिरची आपल्या लवंगीएवढीच, शेलाटी, दिसायला गरीब. भाऊजींनी पहिला घास घेतला आणि "काही विशेष नाही" असं म्हणायला तोंड उघडलं, ते बराच वेळ उघडंच राहिलं. पुढं क्लास संपेपर्यंत ते एका शब्दानं बोलले नाहीत. यांनी ते पाहून स्वतःच्या खलातल्या मिरच्या हळूच जर्मन माणसाच्या खलात सरकवल्या.

आत्याबाईंच्या सोवळ्याचा प्रश्न मात्र वाटला तितका अवघड निघाला नाही. थाई स्वयंपाकात माशाचा रस मिठासारखा पडतो आणि कढीच्या वाटणात आंबवलेल्या कोळंबीचा लगदा असतो, ही खरी अडचण. पण त्यांच्याकडे 'जे' नावाचा एक शाकाहार आहे. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं असलेल्या दुकानात मांस-मच्छी तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. वर्षातून एकदा नऊ दिवस त्याचा मोठा सण असतो, आणि चांद्र पंचांगामुळे तो बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्याच सुमारास येतो. हे कळल्यावर आत्याबाईंनी तोंडात बोट घातलं. "म्हणजे यांच्यातबी चातुर्मास हाये, आन् आपली पोरं म्हणत्यात आत्याचं लई कडक." त्यांच्यासाठी बाईंनी वेगळी कढई, वेगळं उलथणं आणि सोयाबीनचा रस काढला. घरी मला एवढं कधी जमलेलं नाही.

स्फोट झाला तो तुळशीवरून. पाद क्रपाव नावाचा पदार्थ आहे. थायलंडात काय खावं सुचलं नाही की माणूस हाच मागवतो. खिमा, लसूण, मिरची मोठ्या आचेवर परतायची आणि शेवटी मूठभर पानं टाकायची. ती पानं तुळशीची. तुळशीसारख्या कशाची नव्हे, आपल्या दारातल्या वृंदावनातली जी, तीच. बाईंनी कोंबडीच्या खिम्यावर मूठ रिकामी केली तेव्हा आत्याबाईंचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. मांडवात सन्नाटा. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त आपली खुर्ची उचलली आणि कढईकडे पाठ करून बसल्या. बाईंना वाटलं यांना धूर लागला, म्हणून त्यांनी पंखा आणून दिला.

पाद थाईच्या वेळी वातावरण निवळलं. नूडल्सच्या या पदार्थाचा जोरात प्रसार झाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे, फील्ड मार्शल पिबुनसोंगख्राम पंतप्रधान असताना. राष्ट्र एक करायचं तर ताटही एक हवं, असं सरकारला वाटलं. हे मी सांगितल्यावर हे म्हणाले, आपल्याकडेही सरकारनं १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर दिली होती. खरंय. फरक असा की थाई सरकारचा पदार्थ जगभर गेला आणि आपल्या झुणका-भाकर केंद्रांत बघता बघता इडली-वडा मिळू लागला.

मस्समन कढी मात्र आम्हाला पाहताक्षणी ओळखू आली. दालचिनी, वेलदोडा, जायफळ, लवंग, बटाटा, शेंगदाणे, चिंच आणि ताडाचा गूळ. चिंच-गूळ-शेंगदाणा घालून आमच्याकडे जे उकळतं त्याला आमटी म्हणतात. सतराव्या शतकात अयुथ्थयेत इराणी व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती, त्यांच्या गरम मसाल्याचा हा माग. आमच्या शहरातल्या नान-खलियाचा इतिहास मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये दिल्लीहून दौलताबादला आणलेल्या लवाजम्याशी जोडतात. मसाला बाहेरून येतो, चिंच-गूळ गावचा भेटतो आणि दोघांचं जमतं. २०११ मध्ये सीएनएननं जगातल्या चविष्ट पदार्थांची यादी केली तेव्हा हीच मस्समन पहिली आली होती. जाऊबाईंनी एक चमचा घेऊन निकाल दिला, "नारळाचं दूध काढलं अन् येसर घातला तर चांगली व्हईल." येसर म्हणजे मराठवाड्याचा प्राण, पाहुण्याला आमटी करताना तो पडला नाही तर पाहुणा पुन्हा येत नाही. नारळाचं दूध ही आमच्या लेखी कोकणची भानगड. आमच्या घरात नारळ येतो तो वाळूनच.

आणि मग ज्यासाठी हा सगळा लेख लिहितेय ते घडलं. शेवटचा पदार्थ खास चियांग माईचा, नाम प्रिक नुम. लांब हिरव्या मिरच्या, लसूण आणि छोटे कांदे निखाऱ्यावर भाजायचे, साल काढायची आणि खलात ठेचायचं. बाई ठेचू लागल्या. आमच्यापैकी कुणीच बोलेना. जाऊबाईंनी पर्स उघडली आणि आतून स्टीलची डबी काढून टेबलावर ठेवली. डबीत घरून आणलेला ठेचा होता. दोन वाट्या शेजारी-शेजारी. रंग तोच, वास तोच, फक्त आपल्यात शेंगदाणे जास्त. भाऊजींनी तोंड न उघडता मान डोलावली.

बाईंनी चिकट भाताचा गोळा आमच्या ठेच्यात बुडवून खाल्ला. डोळे मिटले. आम्ही पाचही जण त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. जाऊबाईंच्या ठेच्याला आजवर आमच्या पंचक्रोशीत कुणी नाव ठेवलेलं नाही. एकदा एका सोयऱ्यानं मीठ मागितलं होतं, त्यांच्याकडे आम्ही आता फक्त मयतीला जातो. बाई म्हणाल्या, छान आहे, पण... आणि 'पण' म्हणता म्हणता त्यांनी त्यात अर्धं लिंबू पिळलं, ताडाच्या गुळाचा खडा कुस्करला आणि सोयाबीनच्या रसाची धार सोडली. खारट, आंबट, गोड, तिखट. त्यांच्याकडे चारही हिशेब जुळल्याशिवाय जेवणाचा ताळेबंद पूर्ण होत नाही. मग त्यांनी ती डबी जाऊबाईंपुढं सरकवली आणि हातानं खूण केली, आता बघा.

इतक्या वेळच्या तपासणीत पहिल्यांदाच फेरतपासणी झाली होती. जाऊबाईंनी बोटाच्या टोकावर घेऊन चाखलं. चेहऱ्यावर काही नाही. पुन्हा चाखलं. मग त्यांनी झाकण लावून डबी पर्समध्ये टाकली. रात्री हॉटेलात आम्ही जेवायला बसलो तेव्हा ती डबी मागितली, तर रिकामी होती.

शेवटी आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात झाला, तो मी घाईनं उरकते. मराठवाड्याच्या केसरला भौगोलिक मानांकन मिळालंय. असा आंबा घरी असलेल्या माणसानं तो भाताबरोबर खावा, याबद्दल सगळ्यांनीच मौन पाळलं. सर्वांना प्रमाणपत्रं मिळाली. भाऊजींनाही.

आता आमच्या सिडकोतल्या घरात जाऊबाईंचा थाई क्लास चालतो. प्रमाणपत्र फ्रेम करून ओट्याच्या वर लावलंय. भिशीच्या बायका येतात. ग्रीन करीत कूट का नाही, इथंपासून सुरुवात करतात आणि जाऊबाई थाई बाईंसारख्या हसत राहतात. कोथिंबिरीची मुळं आमच्याकडे आता कुणी टाकत नाही. कुलिंजन गुलमंडीत मिळतं, पण दुकानदार आधी विचारतो, घसा कुणाचा बसलाय?

अडलं होतं ते पाद क्रपावशी. तुळस दारात आहे, पण तोडायची कुणी? एकादशीला नाही, द्वादशीला नाही, रविवारी नाही. आणि खिम्यासाठी तर कधीच नाही. जाऊबाईंनी गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यात वेगळं रोप लावलं. प्रकरण आत्याबाईंपुढं गेलं. त्यांनी दोन दिवस विचार करून निवाडा दिला, आणि तो मला अजून बिनतोड वाटतो. वृंदावनातल्या तुळशीचं आपण दरवर्षी लग्न लावतो, ती घरची सवाष्ण. तिला कढईत घालायचं नाही. डब्यातलीचं लग्न लागलेलं नाही, ती भाजी.

वर्षभर हे सुरळीत चाललं. कार्तिकात खालच्या मजल्यावरची पोरं हौसेनं गच्चीवर आली आणि त्यांनी दिसेल त्या प्रत्येक तुळशीपुढं ऊस रोवून, अंतरपाट धरून, मंगलाष्टकं म्हणून टाकली. त्या डब्यातलीचंही लागलं. आत्याबाई अक्षता टाकायला स्वतः हजर होत्या. दुसऱ्या दिवशी जाऊबाई कात्री घेऊन वर गेल्या, तर डब्याला हळदीकुंकू लागलेलं आणि आत्याबाई शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या. नवं रोप आणलंय. ते आम्ही दिवाळीआधी यांच्या दुकानात, खताच्या पोत्यांमागं लपवून ठेवणार आहोत.